बाबांची लग्नभेट

प्रिय मोरा,

खाटकाच्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेलं तुझं पत्रक वाचलं. 'देवानं दिलेल्या पाण्यात विष कालवू देऊ नका.' अक्षर सुरेखच आहे तुझं. नगरपालिका नळाच्या पाण्यात किंचित फ्लोराइड घालू म्हणते, पोरांच्या दातांची कीड कमी व्हावी म्हणून, आणि तू गाव डोक्यावर घेतलंस! तू धाकटी म्हणून आजवर मी ऐकून घेतलं. आता तू ऐक.

मंगळवारी तुझी उना आली होती. घरी भाजलेला स्कोन, तो छोटा गोड पाव, पुढे केला, तर चहात बुडवून एका बाजूनं चघळत बसली. मग म्हणाली, "मावशी, आई म्हणते लग्नाआधी सगळे दात काढून कवळी बसवून घे, नवऱ्याला पुढे खर्चात पाडू नकोस. खूप दुखतं का गं?" एकोणीस वर्षांची पोर! हे तिला मला विचारावं लागलं, कारण आपल्या आईचं हसूही विकतचं आहे हे तिला ठाऊकच नाही. इतका संताप आला, मोरा, की किटली आपटली मी.

माझ्या लग्नाआधीचा महिना आठवतो ना? एकीबरोबर दुसरीचंही उरकून टाकू, म्हणत बाबांनी आपल्याला एकाच सकाळी सगळे दात काढायला दंतवैद्याकडे नेलं. तू सतराची. परतताना गाडीत मागे लोकरीच्या गासड्यांवर बसलो होतो, तोंडात फडकी कोंबून, एकमेकींचे हात घट्ट धरून. बाबा मात्र केवढे खूश! लोक लग्नात पोरींना चहाचे संच देत, त्यांनी कवळ्या दिल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. तेव्हा दुसरा उपाय कुणाला माहीत होता? आता आहे.

लग्नाला तीस वर्षं झाली, पण हेक्टरनं मला कवळीशिवाय पाहिलेलं नाही. दिवा मालवल्यावर काढते, तो उठायच्या आत बसवते. उद्या पाहील. नगरपालिकेच्या सभेत फ्लोराइडवरच्या मतदानाआधी मला दोन मिनिटं मिळाली आहेत. भाषण करणार नाही. दोन्ही कवळ्या काढून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवीन आणि बोळक्या तोंडानं सगळ्या गावाकडे बघून हसेन. कुणाला हसायचं ते हसू दे.

तुझं नाव घेणार नाही, शपथ. पण उना पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. ते तू दे, सभेआधी, तिला समोर बसवून, कवळी काढून. एवढ्यासाठीच हे पत्र. मग खुशाल माझ्याविरुद्ध मत दे.

तुझीच, त्या गासडीवरची,
इसोबेल