नंदूच्या हमीवर

बोरीवली (पूर्व)
१४ सप्टेंबर २०२५

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

बँकेत ठेवलेल्या पैशाला पाय फुटत नाहीत, असं तू नोकरीला लागलास त्या वर्षी आईला म्हणाला होतास. आई तेव्हा वाकोल्याच्या चाळीतली भिशी चालवायची आणि जमलेले पैसे तांदळाच्या डब्यात ठेवायची. तुझं ऐकून ती हसली, पण डबा काही तिनं हलवला नाही.

आज ते आठवायचं कारण, त्या पैशाला पाय फुटले आहेत, आणि चोर म्हणून नाव जयावहिनींचं झालं आहे.

फोन केला असता, पण फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस आणि मी वाक्य पुरं व्हायच्या आत रडते. कागदावर मला नीट चिडता येतं.

आई गेल्यापासून भिशी शेजारच्या जयावहिनी सांभाळतात. साड्यांना फॉल लावून घर चालवणारी बाई, पण पंधरा जणींचा एक रुपया कधी इकडचा तिकडे झाला नाही. गेल्या दिवाळीत पलीकडच्या गल्लीत चोरी झाली, तेव्हा तूच चाळीत गेलास. सतरंजीवर मांडी घालून बसलास, ल्युसीनं तळलेले मैद्याचे फुगे खाल्लेस आणि सगळ्यांना पटवलंस, की जयावहिनींच्या नावानं माझ्या बँकेत खातं उघडा. भिशीतल्या रतननं तेव्हाच विचारलं होतं, की भाऊ, ह्याचे बँक काय घेणार? तू म्हणालास, काही नाही.

मग ऐक. पाच तारखेपासून बायका पैसे भरतात, बाराला जिची पाळी तिला सगळे मिळतात आणि खातं रिकामं होतं. रिकामं होणं हा भिशीचा धर्मच आहे. तुझी बँक म्हणते, शिल्लक ठेवली नाहीत, दंड भरा. पाचशे, आणि त्यावर कर वेगळा. खात्यात काही नसलं तर दबा धरून बसते आणि पुढच्या महिन्यात पहिलीचे पैसे पडले की उचलते. त्याचा मेसेज इंग्रजीत, तोही जयावहिनींच्या लेकीच्या बंद पडलेल्या नंबरवर.

जयावहिनींना वाटलं, आपलंच कुठेतरी चुकतंय. कुणी रोख देते, कुणी फोनवरून टाकते, एखादीचे घ्यायचे राहिले असतील. लाजेपोटी कुणाला विचारलं नाही. दर महिन्याला कमी पडलेले पैसे शिलाईतून घालत राहिल्या. ह्या महिन्यात घरात आजारपण निघालं आणि हात रिकामा होता. पाळी नेमकी रतनची. तिला सहाशेच्या आसपास कमी मिळाले.

मग जयावहिनी बँकेत धावल्या, तिथे कळलं आणि चाळीत येऊन त्यांनी सगळं खरंखरं सांगितलं, आधीचे पैसे घातल्याचंही. तिथेच त्यांची वाट लागली. रतन नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, की बँकेला काय तोंड असतं गं, खाणारं तोंड माणसाचंच. आणि मनात पाप नव्हतं तर आधी गुपचूप भरत कशाला होतीस?

भिशीत नवी बाई आली की तिला आणणारी हमी देते आणि पुढे घोटाळा झाला तर तीच सगळ्यांसमोर उभी राहून उत्तर देते, हा आईचा नियम. बँकेला भिशीत तू आणलंस. पाच ऑक्टोबरला रविवारी बायका बसणार आहेत. तू ये आणि सांग.

शर्मिष्ठाला आणि मिहिरला आशीर्वाद. तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे, म्हणून तर एवढा संताप.

तुझी,
ताई

———

मुलुंड (पश्चिम)
२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मला रागच आला. तू मला दरोडेखोर ठरवून मोकळी झालीस. शिल्लक ठेवली तर काही लागणार नाही, असं मी म्हणालो होतो. पहिला अर्धा भाग कुणी ऐकला नसेल तर मी काय करू? तेव्हा सगळ्यांचं लक्ष फुग्यांकडे होतं, तुझंसुद्धा.

आणि तुला खरंच वाटतं का, की बँक हवेवर चालते? शाखेचं भाडं आहे, वॉचमन आहे, नोटा मोजणारं मशिन आहे, कुणाला फसवून पैसे काढले तर फोन उचलणारा मुलगा आहे. शिल्लक ठेवणारा माणूस त्या शिलकीतून ह्या सगळ्याला हातभार लावतो. भिशीवाल्या आठ दिवस नुसतं काम देतात आणि खातं झाडून नेतात. तुझ्या सोसायटीत तळमजल्यावरचे लोकसुद्धा लिफ्टचे पैसे भरतातच ना? फुकट काही नसतं गं. फुकटचं बिल दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जातं, एवढंच.

मी येणार नाही. पंधरा बायका, पंधरा मोबाइल. मुलुंडच्या ब्रँच मॅनेजरनं स्वतःच्या बँकेविरुद्ध साक्ष दिली, असा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत वरच्या साहेबांकडे जाईल. मिहिर बारावीला आहे, घराचे हप्ते चालू आहेत. तू नोकरी करतेस, तुला हे समजायला हवं.

आजवर कापलेली सगळी रक्कम मी तुझ्या खात्यात टाकली आहे. जयावहिनींना दे. माझं नाव मात्र नको. तुझी माया राहू दे, बोलणी पुरेत.

तुझा,
नंदू

———

बोरीवली
२४ सप्टेंबर

चि. नंदूस आशीर्वाद.

पैसे परत पाठवले आहेत. घेऊन गेले होते जयावहिनींकडे. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, की मृणाल, आता हे वाटले तर रतन म्हणेल, पकडली गेली म्हणून चोरीचे परत केले. मला हे सुचलं नव्हतं. तुलाही नसेल. आपण दोघं पैसे दिले की प्रश्न मिटला असं समजणाऱ्यांतले झालो आहोत.

लिफ्टचं म्हणतोस, तर आमच्या तळमजल्यावरच्या बाईंना सोसायटीच्या सभेत बोलावतात, हिशोब दाखवतात, पावती देतात. आणि वरच्या मजल्यावरच्याला, तू श्रीमंत आहेस म्हणून तुला माफ, असं कुणी म्हणत नाही. माझ्या खात्यात पैसे पडून आहेत, माझ्याकडून बँक छदाम घेत नाही. वर दिवाळीला डायरी देते. जयावहिनींच्या खात्यात पैसे टिकत नाहीत म्हणून त्यांच्याकडून घेते. फी घ्यायची तर घ्या, पण सगळ्यांकडून सारखी घ्या, दारावर मराठीत लिहून. जिच्याकडे नाही तिच्याकडून, नाही म्हणून घ्यायचं, ही कसली फी? ह्या वर्षी काही सरकारी बँकांनी हा दंड काढून टाकला. त्यांना वॉचमन लागत नाही?

आणि आता एका प्रश्नाचं उत्तर दे. शून्य शिलकीचं साधं खातं असतं. महिन्यातून चारदा पैसे काढता येतात. भिशीला एकदा पुरे. काल वाकोल्याच्या शाखेतल्या मुलीनं मला दोन मिनिटांत सांगितलं. मग त्या दिवशी तू ते का नाही उघडलंस?

उत्तराची वाट पाहते. प्रेमात खंड नाही, पण झोपही नाही.

ताई

———

मुलुंड
२९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

वाकोल्याच्या शाखेत माझ्या ओळखीचा माणूस आहे. जयावहिनींनी अर्ज दिला तर निदान शेवटचा दंड परत मिळेल, खास बाब म्हणून. खातंही बदलून देतील. आणखी काय करू?

शर्मिष्ठाची कंबर पुन्हा धरली आहे. मिहिर दिवसभर क्लासला असतो, घरी जेवायला येतो तेवढाच. रविवारी मला शाखेत जायचं आहे, ऑडिट जवळ आलंय. बाकीचं भेटलो की बोलू. गैरसमज नसावा.

नंदू

———

बोरीवली
दसरा, २ ऑक्टोबर

चि. नंदूस आशीर्वाद. सोनं म्हणून हे पत्रच घे.

अर्जाचं लिहिलंस, कंबरेचं लिहिलंस, ऑडिटचं लिहिलंस. मी विचारलं होतं तेवढंच राहिलं. मग मला तुमच्या ओट्यावरचा मिक्सर आठवला. गेल्या दिवाळीनंतर शर्मिष्ठानं कौतुकानं दाखवला होता. शिल्लक ठेवावी लागते ती खाती सगळ्यांत जास्त उघडली म्हणून तुला बँकेनं दिलेला. चटणी अगदी बारीक होते, म्हणाली होती. आणखी काही लिहीत नाही. तूही लिहू नकोस.

तुझ्यावर चिडता चिडता मी स्वतःवरही चिडते. त्या दिवशी सतरंजीवर तुझ्या शेजारी मीच बसले होते, भाऊ मॅनेजर म्हणून मान ताठ करून.

जयावहिनी आता नळावर जात नाहीत, लेकीला पाठवतात. चाळीतली एकही बाई त्यांना फॉलला साडी देत नाही. ऐन दसऱ्यात त्यांचं मशिन झाकलेलं होतं आणि त्याच्यावर आपट्याची पानं. ल्युसी तेवढी त्यांच्या दारात बसून असते, पण ती एकटी काय करणार? रविवारी भिशी त्यांच्याकडून काढून घेणार आहेत. आधी सगळ्यांचं होऊ दे म्हणून त्यांनी स्वतःची पाळी शेवटची ठेवली होती; तीही रद्द करायचं चाललं आहे. मी सगळं समजावलं. रतन मला म्हणाली, की तुम्ही बोरीवलीच्या, तुमचं ऐकून काय करू? ज्यानं बँक आणली त्याला आणा.

माझा लोभ आहेच. तो वाढावा असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझी,
ताई

ता. क. बँकेबद्दल बरंवाईट काही बोलू नकोस. फी बरोबर की चूक, तेही नको. मोबाइल सगळ्याजणी बाहेर ठेवतील, मी शब्द घेतला आहे. तू नाहीच म्हणशील, मला ठाऊक आहे. तरी मागते : रविवारी चार वाजता ये, जयावहिनींच्या शेजारी बस आणि एवढंच सांग, की पैसे ह्यांनी घेतले नाहीत.