माझ्याच नंबरची पिशवी

४ मार्च

आले एकदाची! हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. खिडकी उघडते पण लागत नाही, नळ लागतो पण उघडत नाही. दोघांनी आपापसात ठरवलेलं दिसतंय. आईला फोनवर सांगितलं, सगळं झकास आहे.

वॉर्ड आठच खाटांचा. इथे येणारे सगळे रक्त न घेणारे. कुणाचा धर्म, कुणाचा निश्चय. कारण विचारायचं नसतं. मोठ्या सिस्टर साठीला टेकल्यात, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी पहिल्याच तासात बजावलं, की जीव जात असला तरी पेशंट नाही म्हणाला म्हणजे नाही, आपल्याला काय वाटतं ते आपल्यापाशी. ऑपरेशनआधी महिनाभर आयर्न देऊन यांचं रक्त वाढवतात आणि तपासणीला लहान मुलांच्या नळ्या वापरतात. आधीच्या नोकरीत मी नळ्या कशा भरभरून ओढायचे ते आठवून लाजच वाटली.

गंमत म्हणजे शेजारच्या जनरल विभागात आज रक्तदान होतं आणि मी हौसेने देऊन आले. माझं ओ निगेटिव्ह, कुणालाही चालणारं. हिमोग्लोबिन १३.४ निघालं. दोन बिस्किटं खाल्ली, कॉफी प्यायले आणि पिशवीच्या नंबरची चिठ्ठी आठवण म्हणून इथे चिकटवली: ७०४१.

१२ मार्च

उद्याच्या पेशंट गाणं शिकवणाऱ्या बाई आहेत. जेवल्या की आंबट पाणी घशाशी येतं, तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपतात. वर्षानुवर्षं घसा जळून आवाज पार घोगरा झालाय. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी त्यांना कागदावर काढून दाखवलं: पोटाला पाच बारीक भोकं, एकातून दुर्बीण, आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळायचा. मग खाली गेलेलं वर येणार नाही. उलटी नाही, धड ढेकरही नाही. बाई हसून म्हणाल्या, म्हणजे शिष्यांवरचा राग गिळला की गिळलाच म्हणायचा.

रक्त नको असल्याचा फॉर्म मी वाचून दाखवला. सही करून त्यांनी माझा हात धरला. कागदावर त्यांचा विश्वास नाही, माणसाच्या तोंडच्या शब्दावर आहे. शुद्धीवर आल्यावर मी तुलाच विचारणार, रक्त दिलं का, आणि तू खरं सांगायचंस, असं म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायला काय लागतं?

१३ मार्च

ऑपरेशनमध्ये जठराशेजारच्या प्लीहेला ओरखडा गेला. सरांनी रक्त थांबवलं, पण तोवर बरंच गेलं होतं. संध्याकाळी बाईंचं हिमोग्लोबिन ४.२. मुलगी बाहेर बाकावर आईचा चष्मा मांडीवर घेऊन बसली आहे. तीही रक्ताचं नाव काढत नाही. आई उद्या असेल ना, एवढंच विचारते.

१४ मार्च

सकाळी ३.४. सर खिडकीपाशी पाठ करून उभे राहिले. मोठ्या सिस्टरांनी बाईंच्या पायांवर शाल ओढली. मुलगी अजून बाकावरच.

दुपारी तीनला सगळे मीटिंगला गेले. मी जनरल विभागाच्या फ्रीजपाशी गेले, तिथल्या मुलीला तातडीचं आहे म्हणून सांगितलं. पिशव्या चाळताना ७०४१ हाती आली. माझंच रक्त. स्वतःची वस्तू उचलली तर ती चोरी कसली? आयर्नच्या बाटलीला घालतो तो खाकी कागद वर चढवला आणि बाईंना लावली. पडणारे थेंब मी मोजत बसले.

१५ मार्च

बाई ४.४. शुद्धीवर आल्या. माझ्याकडे बघून पहिला प्रश्न तोच. मी म्हटलं, नाही.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, तुझ्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं.

१७ मार्च

बाई रोज विचारतात. मी रोज नाही म्हणते. कालचं ५.४, आजचं ६.४. सर खूश, आयर्न लागू पडलं म्हणतात. आवाजही मोकळा होतोय, पडल्या पडल्या गुणगुणतात.

मला मात्र जिना चढताना दम लागतो. नव्या जागेची दगदग असेल.

१८ मार्च

नळी धुताना चक्कर आली. मोठ्या सिस्टरांनी दटावून माझीही तपासणी करायला लावली. दोन रिपोर्ट एकाच कागदावर आले. बाई ८.४, मी ८.४.

आज त्यांनी दोनदा विचारलं होतं.

१९ मार्च

रजा टाकली. खोलीबाहेर पडले नाही. सिस्टर खोलीवर येऊन माझं रक्त घेऊन गेल्या: बाईंचा आकडा कालचाच, माझाही. म्हणजे त्यांनी विचारलं नाही, मी खोटं बोलले नाही, तर काही होत नाही. म्हणजे मी वेडी नाही.

उद्या खरं सांगून टाकते. नोकरी गेली तर गेली.

२० मार्च

त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी विचारलं. हो म्हणायला तोंड उघडलं आणि — नाही.

पुन्हा प्रयत्न केला. शब्द घशापर्यंत येतो आणि खाली जातो. त्यांच्या पोटात गाठ मारली, आवळली माझ्या घशात.

मग ही वही पुढे केली, १४ तारखेचं पान उघडून. बाईंनी ती न वाचताच मिटली, माझ्या गालावर हात फिरवला. म्हणाल्या, कागद नको गं, तोंडाने सांग. मी तोंडाने काय सांगितलं ते वेगळं लिहायला नको.

मी ६.४.

२२ मार्च

काल वॉर्डाच्या दारातच पडले. शेजारची खाट दिलीय. बाईंच्या शेजारची. मी गयावया करून नको म्हणत होते — तेही सगळ्यांनी संकोच समजून —

पडद्यापलीकडून प्रेमाने विचारतात. मी उशी तोंडात कोंबते. तरी आवाज येतो, माझाच. नाही.

५.४.

२३ मार्च

सरांनी विचारलं, तुला रक्त लावू या ना? मी नाही म्हणाले. मला हवंय! ओरडून सांगायचं होतं मला हवंय — मोठ्या सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. तूही या रक्त न घेणाऱ्यांतलीच का गं, असं विचारलं. नाही म्हणायचं होतं आणि तेव्हा नेमका तोच शब्द फुटला नाही.

४.४. आई निघालीय. पोचायला उद्या संध्याकाळ.

२४ मार्च

३.४.

बाई १३.४, आज घरी जाणार. चष्मा लावून, आवरून बसल्या आहेत. गातायत. किती स्वच्छ आवाज.

मोठ्या सिस्टर तो रक्त नको असल्याचा फॉर्म घेऊन आल्यात, रडतायत. रक्त लावू का, पाच वेळा विचारलं. पाच वेळा नाही. मी हातवारे करून वही मागितली. त्या म्हणाल्या, लिही बाळा, एकच ओळ, लिहिलेलं चालेल मला.

हात अजून माझा आहे — एवढा तरी माझा —

सिस्टर वाकून बघतायत. लिहिते —

मला रक्त ना