न झालेली शिट्टी

सोमवार, ३ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहायचं लिहायचं म्हणत महिना घालवला. पाकीट आणून ठेवलं होतं, त्यावर रोज चहाचा कप ठेवून त्याची बशी झाली, मग दुसरं आणलं. खरं सांगायचं तर एक गोष्ट कबूल करायची होती आणि ती ओठांपर्यंत येऊन परत जात होती.

गेल्या खेपेला बाबा कारखान्यात असताना मी घरी येऊन गेलो, तेव्हा पोत्यात काय आहे म्हणून तू विचारलंस आणि मी मळके कपडे म्हणालो. कपडे नव्हते. माळ्यावरचा जुना कुकर होता. आईला एवढ्यात सांगू नकोस. बाबांना तर नाहीच. ते तसंही माझं नाव घेत नाहीत, त्यात कुकरची भर कशाला.

कशाला उचलला, ते ऐक. नाटक कंपनीतलं दिव्यांचं काम सुटलं (सोडलं, असं वाच). मग दोन आठवडे बोटी रंगवल्या. त्या बोटवाल्याकडे एक बदक होतं, ते ओल्या रंगातूनच चालायचं... असो, ते पुन्हा कधी. सध्या एका गृहस्थांकडे आहे. पूर्वी सिनेमांसाठी व्हायोलिन वाजवायचे, आता वाफ वाजवतात. म्हणून मी त्यांना वाफेवाले म्हणतो. अकरा शेगड्या, अकरा कुकर, प्रत्येकाची शिट्टी वेगळ्या सुरात. मध्ये कोणी हात लावायचा नाही. कुकर आपल्या मनाने बोलतील, लोकांनी भोवती बसून ऐकायचं. हसू नकोस. मीही हसलो होतो. पण तालमीत चार शिट्ट्या अशा एकीला एक लागून झाल्या की अंगावर काटा आला. खालचा सूर तेवढा मिळत नव्हता. मला आपला कुकर आठवला, सर्दी झालेल्या इंजिनासारखा ओरडायचा तो. वाफेवाल्यांनी ती शिट्टी ऐकली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. खुशीचा धपाटा मला जन्मात पहिल्यांदा मिळाला.

प्रयोग शनिवारी संध्याकाळी, एका बंद पडलेल्या लाँड्रीत. आपला कुकर मधोमध. त्यात मूठभर सुके वाटाणेही टाकायचेत, आतून खडखड यावी म्हणून.

रागावलीस तरी लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा,
भिंगरी


शुक्रवार, ७ तारीख

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आत्ता मिळालं. दवाखान्यात पुड्या बांधायच्या सोडून लिहिते आहे. हे पत्र उद्याच्या आत पोचणार नाही, म्हणून तारही करते.

तो कुकर शेगडीवर चढवू नकोस. त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह नाही. तू लहान होतास. व्हॉल्व्ह सारखा फुसफुसायचा, म्हणून बाबांनी तो काढला, कारखान्यातल्या लेथवर एक पितळी बोल्ट बनवला आणि त्या जागी आवळून टाकला. आता जन्मात गळणार नाही, म्हणाले. गळला नाहीच. पण शिट्टीचं भोक तुंबलं की वाफेला दुसरी वाट उरली नाही. शिट्टीला उशीर झाला की आई सगळे बाहेर म्हणून ओरडायची, आठवतं? तुला तो खेळ वाटायचा. पायरीवर पहिला तू. मग आई एकटी आत जायची आणि हात लांब करून शेगडी बंद करायची. एकदा वाफ आली ती तिची अर्धी भुवई घेऊन गेली. त्याच दिवशी कुकर माळ्यावर गेला. आई बाबांना एका शब्दाने बोलली नाही. बाबांनीही पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. तुला एक बोल्ट धड बसवता येत नाही, असं बाबा तुला म्हणाले आणि तू कारखाना सोडून निघालास, तेव्हा आईच्या हातातलं पातेलं पडलं होतं बघ. ते पडलं नव्हतं, तिने टाकलं होतं, असं मला अजून वाटतं.

गेल्या वर्षी आमच्याकडे कुकर उडालेली एक बाई आली होती. काय पाहिलं ते लिहीत नाही. आणि तू म्हणतोस, लोक भोवती बसणार. भोवती!

आईला सांगते आहे, मला एकटीला हे पेलवत नाही. बाबांना सांगण्यात अर्थ नाही. घर आणि कारखाना यापलीकडे त्यांना रस्ता ठाऊक नाही, आणि तुझा विषय निघाला की ताटावरून उठतात.

सुखरूप असलास तर आधी तेवढंच कळव. नसलास तर... असाच असशील. तुझ्यावर जीव आहे, म्हणून शिव्या घालत नाही.

तुझी,
ताई


सोमवार, १० तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलाय, मलम लावलंय. बाकी कोणाला ओरखडाही नाही. आता टेकून बस आणि पुढचं वाच.

तुझी तार शनिवारी दुपारीच आली होती. मी लाँड्रीत. घरमालकीणबाईंनी वाचली : कुकर लावू नकोस, ताई. त्यांना वाटलं, मी बाहेर जेवणार असल्याचा निरोप आहे. म्हणून माझ्या वाटचा भात टाकला नाही आणि तार साखरेच्या डब्याखाली ठेवून दिली. काल सकाळी हातात दिली, वर घराणं हौशी दिसतंय असा शेरा. पत्र आज मिळालं.

लाँड्रीला एकच दार, तेही अरुंद. ऐंशीएक माणसं गोल बसली होती. आपल्या कुकरच्या सगळ्यांत जवळ वाफेवाल्यांची म्हातारी आई, तिला कमी ऐकू येतं म्हणून. दिवे मालवले. अकरा निळ्या ज्वाळा तेवढ्या राहिल्या. पहिली शिट्टी बारीक, जणू विचारून आली. मग दुसरी, मग तीन मिळून. लाँड्रीच्या गुळगुळीत फरशांवरून आवाज घरंगळत होता. खोटं कशाला सांगू, मी भारावून गेलो होतो. म्हणूनच लक्षात यायला उशीर झाला. दहा बोलले होते. आपला गप्प होता.

आधी वाटाणे खडखडत होते, तेही थांबले; एखादा शिट्टीच्या भोकात जाऊन बसला असणार. झाकण नुसतं थरथरत होतं. वाफेवाल्यांनी डोळे मिटले. त्यांना वाटलं, खर्ज आपली वेळ शोधतोय. लोक ऐकायला पुढे झुकले. पुढे, ताई! आणि मला आपली पायरी दिसली. मला बोल्ट ठाऊक नव्हता, पण आईचा तो आवाज ठाऊक होता. तोच माझ्या तोंडून निघाला : सगळे बाहेर!

कोणी हललं नाही. उलट मागून एका मुलीने तेच सुरात म्हटलं. मग चौघांनी. मग अख्खी लाँड्री सगळे बाहेर, सगळे बाहेर म्हणून गाऊ लागली. मी जीव तोडून बोंबलतोय आणि लोक मला साथ देताहेत! शेगडीकडे धावलो तर वाफेवाल्यांनी दंड धरला आणि कानात म्हणाले, की हात लावायचा नाही असं ठरलंय.

सोडवलं म्हातारीने. माझं ओरडणं तिला ऐकूच गेलं नव्हतं. तिने झाकणाकडे पाहिलं, ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतंच. उठली, मुलाचा कान धरला आणि दाराकडे चालू लागली. प्रयोगाचा धनीच कानाने ओढला जातोय म्हटल्यावर लोक उठले. कोणी हसत, कोणी टाळ्या वाजवत, पण उठले. त्या दारातून ते सगळे बाहेर पडेपर्यंत काय झालं माझं, ते मलाच माहीत. गर्दीतून वाट मिळाली तशी रांगत जाऊन सगळ्या शेगड्यांचा सिलिंडर बंद केला. अंधारात दहा कुकर सुस्कारे टाकत होते. मी दारापाशी पोचतोय तोच अकराव्याची रिंग एका बाजूने फाटून बाहेर आली. वाफ हाताला चाटून गेली. दिवे लावले तेव्हा म्हातारीची खुर्ची आडवी पडली होती आणि तिच्यामागची भिंत ओलीचिंब, वर वाटाणे चिकटलेले.

बाहेर रस्त्यावर टाळ्या चालूच होत्या. शेवट फार आवडला म्हणे.

वाफेवाले काल येऊन बसून गेले. कान अजून लाल आहे. माझ्या हाताकडे बघत राहिले, पुढच्या प्रयोगाचा विषय काढला नाही.

बोल्ट मात्र हलला नाही. कुकर खिडकीत ठेवलाय. झाकण अडकलंय, पाना लावून पाहिला, निघत नाही. तुझं पत्र वाचून आधी बाबांचा राग आला. मग आईची भुवई आठवली. मला ती जन्मापासूनच तशी वाटायची गं. बाबांना यातलं काही सांगू नका. त्यांना वाईट वाटेल किंवा वाटणार नाही, मला दोन्ही सोसायचं नाही.

थांब, घरमालकीणबाई हाका मारताहेत. कोणीतरी आलंय.

ताई, बाबा आलेत.

कारखान्याच्याच कपड्यांत, पिशवीतून पान्याचा दांडा बाहेर. आईने सांगितलं असणार. दारातून माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं. किती शिट्ट्या झाल्या म्हणून विचारलं. एकही नाही म्हणालो. पिशवी खाली ठेवली. मग माझा हात धरून उजेडाकडे वळवला, मलम कोणतं लावलंस म्हणाले. आता मोरीत हात धुताहेत, तेवढ्यात हे लिहितोय. खिशातून नवा व्हॉल्व्ह काढून माझ्या पत्रावरच ठेवलाय, त्याचा डाग पडलाय तो बघ. बोल्ट ते स्वतः काढणार आहेत. व्हॉल्व्ह मी बसवायचा, म्हणतात.

आले. आईला सांग, पोचले. लोभ धरून ठेव.

भिंगरी