स्क्रॅप नावाचं फोल्डर

आबा,

गेल्या रविवारी मी तुमचा कॉम्प्युटर साफ केला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि इतकी वर्षं तो आईच्या खोलीत फडक्याखाली झाकून होता. गल्लीतल्या तालीम मंडळाला पत्रं टाइप करायला एक हवा होता, म्हणून द्यायचं ठरलं. मला सगळ्याच कामांची घाई, हे तुम्हाला सांगायला नको. भराभर बघत गेलो. लाइटबिलं, नृसिंहवाडीचे फोटो, आणि ‘स्क्रॅप’ नावाचं एक फोल्डर. स्क्रॅप म्हणजे स्क्रॅप, उघडून बघितलंही नाही. आधी रिसायकल बिनच्या टोपलीत टाका, मग टोपली रिकामी करा, एवढाही धीर नव्हता. शिफ्ट-डिलीट दाबून एका दमात कायमचं उडवलं. संध्याकाळी बहिणीला फोनवर हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर तिनं मला मधेच थांबवलं. मग म्हणाली, ‘दादा, स्क्रॅप नावाचं ठेवलंस न्हवं? आबांचं बोलणं त्यातच हाय की. माझं आन् आईचं मी तवाच मोबाइलवर घेतलंय. तुझं तेवढं तिथंच ऱ्हायलंय.’

घशाच्या ऑपरेशननंतर आवाज कायमचा जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या आठवड्यात तुम्ही दार लावून कॉम्प्युटरपुढं बसलात आणि आम्हा तिघांसाठी एकेक रेकॉर्डिंग करून ठेवलंत. हे मला माहीत होतं. कुठं ठेवलंत, ते मात्र मी कधी विचारलं नाही. खरं तर नाव वाचूनच कळायला हवं होतं. कागलच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर तुमची उभी हयात गेली, आणि घरासाठी चोरून काही बनवलं की ते तुम्ही सुट्टी होईपर्यंत स्क्रॅपच्या पेटीत तळाशी दडवायचात. आईच्या खलातला बत्ता तसाच आला, माझी पितळी भिंगरी तशीच आली. ‘स्क्रॅपात कोण हात घालतंय? त्याच्याएवढी बिनघोर जागा न्हाय,’ असं म्हणून तुम्ही हसायचात. परका माणूस त्या फोल्डरकडं बघणार नाही, हा तुमचा हिशोब बरोबर होता. पोरगाच परक्यासारखा वागेल, हे तुम्ही धरलं नव्हतं.

मग मी आणखी एक गाढवपणा केला. हरवलेलं परत आणून देणारी सॉफ्टवेअरं असतात असं ऐकलं होतं. एक उतरवून घेतलं, त्यानं दाद दिली नाही म्हणून दुसरं, मग तिसरं, सगळी त्याच कॉम्प्युटरवर. तुमचं ते खंडेनवमीचं बोलणं तेव्हा आठवायला हवं होतं. मशीनची पूजा बघायला तुम्ही मला कारखान्यात घेऊन गेला होता. मी तिसरीत असेन. लेथचा दांडा ओढला, काहीतरी अडकलं, आणि भीतीनं मी तो आणखीच ओढायला लागलो. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या मनगटावर फटका मारलात. ‘बिघडलं की पयला हात काढायचा! हात चालवत बसलास की उरल्यालं बी जातंय!’ हार घातलेल्या मशीनपुढं मी रडतोय आणि तुमचे सोबती हसताहेत.

तुमचं रेकॉर्डिंग मी इतकी वर्षं ऐकलं का नव्हतं, हेही एकदाचं लिहून टाकतो. डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी जेवताना मी तुम्हाला म्हणालो होतो, ‘तंबाखू सोडा म्हणून बोंबलत होतो तेव्हा ऐकलं नाही. आता भोगा.’ तुम्ही ताट सारून उठलात. दोन दिवसांनी दार लावून बसलात. त्यात माझ्यासाठी काय असेल, याची मला भीती वाटत होती. शिव्या असत्या तर सोसल्या असत्या. पण तुम्ही मऊ बोलला असतात तर मी काय करणार होतो? ऑपरेशननंतर तुम्ही पाटीवर लिहून बोलायचात. एकदा लिहिलंत, ‘ऐकलंस?’ मी होय म्हणून मान हलवली. तुम्ही कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि मग तळव्यानं पाटी पुसलीत.

सोमवारी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं विचारलं, ‘पावणं, डिलीट झाल्यावर ह्यावर काय टाकलासा काय?’ मी सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. ‘पुसल्यालं लगेच जात न्हाय वो. जागा मोकळी झाली एवढंच. त्या जागंवर दुसरं काय बसलं, की मग गेलं. तसाच बंद करून आणला असतासा तर आलं असतं की.’ दोन दिवसांनी त्यानं बोलावलं. स्क्रीनवर फाईलचं नाव परत आलं होतं, ‘थोरला’. आईचं रेकॉर्डिंग सहा मिनिटांचं, बहिणीचं चार. माझं अकरा मिनिटांचं होतं. त्यानं ते लावलं. तुम्ही घसा खाकरलात. म्हणालात, ‘हे बघ...’ आणि पुढं शेवटपर्यंत नुसती खरखर. अकराही मिनिटं मी ती उभ्यानं ऐकली.

घरी आलो तेव्हा आई भाकरी थापत होती. ‘गावलं व्हय रे?’

‘गावलं.’

‘काय म्हणल्यात?’

‘आईकडं बघ म्हणालेत.’

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. ‘एवढंच? तुझंच बोलायला दोन डाव दार लावून बसलं हुतं.’

हे पत्र कुठं धाडायचं नाही, आणि आईच्या हाताला लागेल असं घरातही ठेवायचं नाही. ‘हे बघ’च्या पुढं तुम्ही मला झाडलं असेल की पोटाशी धरलं असेल, ते आता कळणार नाही. बहिणीला खरं सांगितलं तेव्हा ती फोनवर रडली, मीही रडलो, ते खोटं नव्हतं. पण दुकानदार म्हणाला, ‘ह्यातनं आता काय निघत न्हाय,’ तेव्हा आधी मला हायसं वाटलं होतं, आबा. रडू नंतर आलं.