नेऱ्याचं घर भामाला

मी, अंकिता काशीराम भोईर, वय ३९, अविवाहित, माजी क्रीडाशिक्षिका, राहणार नेरे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझं डोकं दुखतं, पण बुद्धी शाबूत आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ज्यांना अजून पटत नाही त्यांच्यासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अर्ध्या पानापेक्षा जास्त लिहिलं की अक्षरं हलू लागतात, म्हणून एवढ्याला अकरा सकाळी लागल्या. मध्येच शाईचा रंग बदललेला दिसेल, त्याचं कारण तेच.

मरायची घाई नाही. पण गेल्या महिन्यात मोरीत तोल जाऊन पडले, आणि त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ धनेश शेजाऱ्यांना म्हणाला, "ताईचं डोकं ठिकान्यावर नाय. घराचं काय ते आमालाच बगाय लागंल." म्हणून आताच लिहिते. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. दुखण्याविषयी. हे आधी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं आहे.

मी कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यात. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा धरायचा हे माझं काम, आणि त्यात कधी ना कधी तिचा गुडघा डोक्यात बसायचाच. पहिल्यांदा बसला एकोणिसाव्या वर्षी, शिरढोणच्या मैदानावर. दोन दिवस उलट्या झाल्या. ऊन लागलं असेल म्हणून आयने कांदा फोडून नाकाशी धरला. दुसऱ्यांदा तेविसाव्या वर्षी, जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात. उठले ती समोरच्या संघात जाऊन उभी राहिले. माझी मैत्रीण आसिया मुकादम ओरडली, "सर, ती भलत्याच बाजूला उभी आहे, तिला बसवा!" आमचे प्रशिक्षक धर्मराज सर आले. दोन बोटं धरून त्यांनी विचारलं, "किती?"

मी म्हणाले, "तीन."

"जवळपास बरोबर आहे. जा, सातच मिनिटं राहिलीत."

त्या सात मिनिटांत पुन्हा लागलं. सामना आम्ही जिंकलो असं सांगतात.

चौथ्यांदा २०१७ साली, शाळेत मुलींना पकड दाखवताना डोकं जमिनीवर आपटलं. तेव्हापासून उतार नाही. उजेड टोचतो, कुकरची शिटी आरपार जाते, बोलता बोलता शब्द हरवतो. हजेरी घेताना समोरच्या मुलींची नावं आठवेनात, तेव्हा नोकरी सोडली. स्कॅन दरवेळी चांगलाच येतो. "दिसतेस तर ठणठणीत," असं लोक म्हणतात. उत्तर द्यायचं मी सोडून दिलं आहे.

२. घर. नेरे येथील दोन खोल्यांचं घर, पडवी आणि मागची विहीर वडिलांनी त्यांच्या हयातीत नोंदणीकृत बक्षीसपत्राने मला एकटीला दिली. ही मिळकत माझ्या पश्चात माझी भावजय सौ. भामा धनेश भोईर हिच्या एकटीच्या मालकीची होईल. तिला धनेशची संमती लागणार नाही. घर त्याच्या फार्महाऊसला जोडू नये, अशी माझी स्पष्ट इच्छा आहे.

धनेशने माझ्या घराला लागून, त्याच्या वाट्याच्या जमिनीवर फार्महाऊस बांधलं. दर शनिवारी तिथे डीजे लागतो. मी हात जोडले. तो म्हणाला, "ताई, धंदा हाय. तुला तर पेला पडला तरी तरास व्हतो." होतो, हे खरं आहे. पुढच्या शनिवारपासून भामा भांडी आवरायच्या निमित्ताने तिथे जाऊ लागली आणि माझ्या बाजूचा स्पीकर भिंतीकडे वळवू लागली. डीजेवाले तो पुन्हा फिरवतात, ही पुन्हा जाते. सहा वर्षं झाली. तिच्या घरात कुकर नाही, डाळ टोपात शिजते. यातलं तिने मला काहीच सांगितलेलं नाही. मी पडवीतून पाहिलं.

३. बँकेतली ठेव, तसंच ट्रंकेतली शिट्टी आणि गुडघ्याच्या पट्ट्या माझ्या शाळेच्या मुलींच्या कबड्डी संघाला द्याव्यात. अट एकच. जिच्या डोक्याला मार लागेल ती त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, मग अंतिम सामना का असेना. आणि ते आसिया ठरवेल, प्रशिक्षक ठरवणार नाहीत. आसियाला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. आपलं पनवेलचं दुकान बंद ठेवून ती दर गुरुवारी येते, पडदे ओढते आणि तासभर गप्प बसते. तिच्यासारख्या बडबड्या बाईला ते किती जड जात असेल, मला ठाऊक आहे.

४. धर्मराज सर गेल्या वर्षी भेटायला आले होते. म्हणाले, "तेव्हा आम्हाला एवढं कळत नव्हतं गं." कळत नसेल, हे मी मान्य करते. पण आसिया ओरडली ते ऐकू आलं होतं. त्यांना मी काही देत नाही. मनात राग धरून बसण्याइतकी ताकदही आता उरलेली नाही.

५. माझ्या अंत्ययात्रेत बाजा, फटाके, टाळ, काहीही नको. मला तेव्हा ऐकू येणार नाही हे कळतं. तरी नको.

६. काल, दहाव्या सकाळी, धनेश आला.

"काय लिवतंस?"

"मृत्युपत्र."

तो उभाच राहिला. "घर भामाला ना?"

"हो."

"मंग मला काय?"

मला भांडणाची भीती वाटत होती. उत्तर द्यायला गेले तर शब्द सापडेना. तो थांबला. कधी नव्हे तो थांबला. माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं. त्याने खिडकी लावून घेतली आणि दाराचा आवाज न करता निघून गेला.

तेवढ्यावरून कलम दोन बदलत नाही. मात्र विहिरीचं पाणी धनेशला भामाने कधी अडवू नये.

माझी सही हल्ली दरवेळी निराळी येते. बँकेने दोनदा परत पाठवली. म्हणून साक्षीदारांसमोर तीन वेळा करते आहे. तिन्ही माझ्याच आहेत.

अंकिता का. भोईर
अंकिता काशीराम भोईर
अं. का. भोईर

आम्हा दोघांच्या देखत अंकिता यांनी हे वाचून, समजून, पूर्ण शुद्धीत सह्या केल्या. मध्ये दोनदा विश्रांती घेतली.

साक्षीदार:
१. निनाद विश्वजीत घरत, नेरे
२. डॉ. आलिया फहाद दळवी, पनवेल

ठिकाण: नेरे, ता. पनवेल
दिनांक: २२ जानेवारी २०२६