चौदा नंबरचं टेबल

४ जून, सकाळ
रोजविताचा फोन. सहा आठवड्यांनी. अजून कोटबुसलाच आहे, बहिणीकडे, गेर्लिंडेकडे. (हवापालटासाठी गेली आहे. जाताना हिवाळी कोटही नेला, पण बायकोला सामान जास्त न्यायची सवयच आहे.) म्हणाली, एकहार्ट, चोवीस तारखेला शतावरीच्या शेतावर जेवू, हंगामातले शेवटचे कोंब. पहिल्या घासापासून कॉफीपर्यंत कशालाही नावं ठेवली नाहीस, तर तुझ्या गाडीत बसून घरी येते. ठेवलीस, तर गेर्लिंडे न्यायला येईल, आणि मग विषय संपला.

हातचा मळ. मी मुळात तक्रार करतच नाही. एकोणतीस वर्षं लिफ्ट तपासल्या. दिसतं ते सांगतो. त्याला माहिती म्हणतात.

७ जून
चोवीस ही तारीख नाजूक. त्यानंतर शेतावर शतावरी काढत नाहीत, रोपांना विश्रांती. पुढची थेट एप्रिलमध्ये. म्हणजे चुकलं तर दुरुस्तीला जागा नाही. सराव करायचं ठरवलं. शेतावर तीन रेस्टॉरंट आहेत: कोठार, बाग आणि जुना तबेला. तिन्हीकडे एकटा जेवणार. नियम: बोलावंसं वाटलं की पाण्याचा घोट.

९ जून, दुपारी ३
कोठार. सॉस कोमट. पाणी. बटाटे एका मापाचे नाहीत. पाणी. टेबल डुगडुगतंय. पाणी. एकूण तेरा ग्लास. तिन्ही रेस्टॉरंट सांभाळणाऱ्या नोआकबाई येऊन म्हणाल्या, साहेब, हॅम खारट झालंय का, पाणी फार पिताय. म्हटलं, नाही हो, पण विचारलंतच म्हणून सांगतो. वीस मिनिटं सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, तेव्हा हे धरायचं नाही.

१३ जून
बाग. छत्री चार अंश कललेली. मोजली नाही, नजरेलाच कळतं. (नंतर मोजली. पाच.) मला पाहताच वाढणाऱ्या दोघी आत गेल्या आणि नोआकबाई स्वतः आल्या. मान देतात.

१५ जून
तबेला. शांत जागा. खिडकीजवळचं चौदा नंबरचं टेबल आवडलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं भरपूर आहे.

१६ जून, सकाळी ६
सुचलं! धोका माझ्या जिभेत नाही, चुकांत आहे. चुकाच उरल्या नाहीत, तर बोलणार काय? नोआकबाईंना पत्र लिहिलं: चोवीसला दोघांसाठी चौदा नंबरचं टेबल, आणि त्याआधी दुरुस्त्या. अकरा मुद्दे, अत्यंत नम्र. सॉसचं तापमान, बटाट्यांचा आकार, टेबलाचा पाय वगैरे. अकरावा थोडा घरगुती. रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

१९ जून
उत्तर नाही. वजन दोन किलो उतरलं. शेवटी फोन केला. नोआकबाई म्हणाल्या, साहेब, पत्र फाइलला लावलंय, अक्षर अन् अक्षर वाचलंय, तुम्ही निर्धास्त या. अशी माणसं हवीत.

२३ जून
पलंगावर तिच्या बाजूची चादर बदलली. फुलं आणली. देठ लहानमोठे होते, फुलवालीला काही बोललो नाही. (बोललो. हळू आवाजात.)
घाबरलोय. इथे लिहायला हरकत नाही.

२४ जून, संध्याकाळ
साडेबाराला रोजविता आली. केस कापलेत, फारच आखूड. बोललो नाही. सॉस गरम. बटाटे एकाच आईची लेकरं. टेबल हलेना. खरंच काही सांगण्यासारखं नव्हतं. रोजविताने दोनदा माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि मग माझ्या हातावर हात ठेवला. पाणी प्यायलो.

मग ती ताटाभोवती शोधू लागली. नोआकबाईंना म्हणाली, माझी सुरी राहिली वाटतं. नोआकबाई म्हणाल्या, राहिली नाही ताई, मुद्दा अकरा. आणि माझं पत्र टेबलावर ठेवलं. प्रत्येक मुद्द्यापुढे बरोबरची खूण, खाली माझ्या सहीसाठी जागा.

रोजविताने चष्मा लावला. पहिल्यापासून वाचलं. अकरा: शतावरी काट्यानेच खायची असते, माझी पत्नी सुरीने कापते. तिच्यापुढे सुरी ठेवू नये.

मी समजावलं की ही तक्रार नाही, खबरदारी आहे. तिने सुरी मागवली. शतावरीचे नखाएवढे तुकडे केले आणि सावकाश सगळे खाल्ले. मी एक शब्द काढला नाही. कॉफी झाली. मी म्हटलं, अट पूर्ण झाली.

ती म्हणाली, झाली रे, तोंडातून एक शब्द नाही काढलास. बत्तीस वर्षं तुझ्यासमोर जेवतेय. आज पहिल्यांदा वाटलं, चला, आपण दोघंच बसलोय. आणि तू मला बटाट्यांच्या रांगेत उभं करून ठेवलं होतंस.

तिने गेर्लिंडेला फोन लावला. गेर्लिंडे दोन मिनिटांत आली. सकाळपासून पार्किंगमध्येच होती म्हणे.

नोआकबाईंनी विचारलं, साहेब, सगळं मनासारखं झालं ना? हो म्हटलं. सही केली.

२५ जून, सकाळी ९
नोंद: अट मी पाळली होती. रोजविताला दोन दिवसांत पटेल. आठवडा म्हणू.

दुधाचं भांडं उघडं राहिलं होतं. टॉवेल ओला, पलंगावर. जिन्यातला दिवा रात्रभर चालू. तिन्ही चुका माझ्याच. सकाळपासून घरभर फिरलो. सांगायला कोणी नाही.