अर्धवट फायली पुसायच्या?

४ नोव्हेंबर, सोमवार
युसूफ वडगाव या गावात कामाचा पहिला दिवस! दिवाळीचा उरलेला फराळ डब्यात भरूनच मी आणि माय धर्मापुरीहून निघालो. शाळेमागं खोली मिळालीय. नळ दारातच आहे, त्यामुळं माय खूश. मुजाहिदभाईंचं दाखले केंद्र बाजारात आहे. लोकांचे फॉर्म भरायचे, फोटो काढायचा, अंगठा घ्यायचा. शेजारच्या खुर्चीवर अंजू बसते. माझ्याच वयाची, हसरी, लई बडबडी. तीन वर्षांची पोरगी आहे तिला. माझी करंजी खाऊन म्हणाली, "उद्यापास्नं डबा एकत्रच खायचा बरं का." मी रोज वही लिहिते याचं तिला भारी नवल वाटलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार
लाईट गेलीय, म्हणून बसल्या बसल्या लिहितेय. माझा कॉम्प्युटर जुना, त्याची बॅटरी पाच मिनिटंही दम धरत नाही. परत चालू केला की दर वेळी विचारतो: तात्पुरत्या अर्धवट फायली शिल्लक आहेत, पुसायच्या का? आजवर मी 'नको' दाबत आले. आत्ता अंजूचाच रेशनकार्डाचा फॉर्म भरत होते. फोटो झाला, अंगठा झाला, आणि लाईट गेली. ती म्हणाली, तोवर चहा घेऊन येते. मुजाहिदभाईंचं म्हणणं, असला कचरा साचूनच मशीन हळू चालतं, पुसत जा. आली लाईट.

त्याच दिवशी, संध्याकाळी
फायली पुसल्या. खाली 'दर वेळी आपोआप पुसा' असा चौकोन होता, त्यावरही खूण केली. कटकट मिटली. मग एक विचित्र प्रकार झाला. कुणी अनोळखी बाई चहाचे तीन ग्लास घेऊन आत आली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. माझं नाव घेऊन बोलायला लागली. मुजाहिदभाईंनी विचारलं, कोण पाहिजे? ती आधी हसली. मग तिचं हसू गेलं. शेवटी त्यांनी तिला बाहेर काढलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
ती बाई आज दिवसभर रस्त्यापलीकडं उभी होती. जेवायच्या सुट्टीत माझा हात धरला. म्हणाली, "मला वळखत न्हाईस व्हय? तुझ्या वहीत बघ." मी हात झटकून पळाले. वहीचं हिला कुणी सांगितलं? माय म्हणते, येडी असंल बिचारी. पण डोळे वेडीचे नव्हते.

११ नोव्हेंबर, सोमवार, सकाळ
मायच्या पेन्शनचा फॉर्म भरायला घेतला. फोटो, अंगठा झाला. सर्व्हर बंद पडला, फॉर्म अर्धाच राहिला. माय डबा आणायला घरी गेली. काम नव्हतं म्हणून वहीची मागची पानं चाळली.

अंजू कोण?

अक्षर माझं आहे. करंजी खाल्ली, एकत्र डबा, तिची पोरगी. मला काहीच आठवत नाही. मुजाहिदभाई म्हणतात, इथं तुमच्याशिवाय कुणीच कामाला नव्हतं. मग दुसरी खुर्ची कशाला?

साडेअकरा
त्या बाईला शोधत एसटी स्टँडवर गेले होते. ती तिथं बाकावर बसलेली. नाव विचारलं. अंजू. म्हणाली, "नवऱ्यानं दार उघडलं न्हाई. पोरगी मला बघून भिली, आत पळाली. चार दिवस झाले." तिचा अर्धा फॉर्म मीच पुसला, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही.

मायचा फॉर्म अर्धा आहे. लाईट गेली तर —

बारा
सर्व्हर नाही. पुढं पाठवता येत नाही. ती खूण काढायला तो चौकोनच कुठं सापडत नाही. दहा वेळा शोधला.

सव्वाबारा
लाईट गेली. बॅटरी ओरडली आणि कॉम्प्युटर बंद. चालू झाला की पुसणार. मी वायर काढून पदराखाली धरलीय. चालू होऊ द्यायचा नाही.

बारा चाळीस
लाईट आली. दारात माणसांची रांग. मुजाहिदभाईंना हात जोडले, सगळं सांगितलं. ते घाबरून माझ्याकडंच बघतात. म्हणाले, "ताई, दहा माणसं उभी हायेत, काहून अडवता?" वायर देत नाही म्हटलं. ते बाजूच्या दुकानातून दुसरी आणायला गेले —

आणली. लावतायत. हात धरला, ऐकत नाहीत —

माझी माय जाईबाई. डाव्या मनगटावर गोंदण. बाप गेल्यावर एकटीनं मला शिकवलं. जाईबाई माझी माय. ती आता येईल, डबा घेऊन, मी तिला

कॉम्प्युटर सुरू झाला. रांग लई मोठी आहे. दारात कुणी म्हातारी डबा घेऊन उभी आहे. मावशी, रांगेत या म्हटलं. हलत नाही. मला 'यशे' म्हणते. सारखी म्हणते. माझं नाव हिला कसं — रडतेय आता —

वरची ही 'माझी माय जाईबाई' ओळ कधी लिहिली मी? अक्षर माझंच आहे. माय —